पुन्हा लागेल ती फाइल

वन-नॉर्थच्या आमच्या ऑफिसात जुन्या कामांच्या फाइली जपून ठेवायला टेपवर उतरवणाऱ्या चिनी गृहस्थांना सगळे नुसतं अंकल म्हणत. टेपची खोली इतकी गार, की सिंगापूरच्या उकाड्यातही त्यांच्या अंगात स्वेटर. आमचा प्रोजेक्ट बंद झाला, तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो तो मयताला गेल्यासारखा. आमच्या सगळ्या फाइली टेपवर उतरल्या. पण एक तरी फाइल टेपवरून परत काढून दाखवल्याशिवाय अंकल कुणाला मूळ डिस्क पुसू देत नसत.

"कुठली काढू?"

"काढा कुठलीही."

"कुठलीही नाही लाह!" अंकल त्यांच्या सिंगापुरी ढंगात म्हणाले. "पुन्हा लागेल ती सांग."

पुन्हा लागेल, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी अर्धवट राहिलेला रिपोर्ट सांगितला. मशीन घरघरलं, रिपोर्ट उघडला.

"आता खुशाल पूस," अंकल म्हणाले.

घरी जाताना स्टेशनात एमआरटीची गाडी यायच्या आतच त्या रिपोर्टचं पुढचं वाक्य मला सुचलं होतं.