उलटं फिरवलेलं झाकण

यंदाच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या शिपायावर अन्याय झाला. ते ज्या माशांच्या टाकीचं पाणी बदलायचे, तिच्यातल्या एका बाजूच्या पाणवनस्पती कुजल्या होत्या. "तुझ्या हातानं पाणी नासलं, पुन्हा शिवू नको," असं सरांनी त्यांना पोरांसमोर बजावलं. ते बौद्ध आहेत.

आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ते आम्हाला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. खटकचिंचोळीहून सायकलवर येतात आणि दाराला टेकून प्रत्येक तास ऐकतात. समुद्रातल्या पोवळ्याच्या अंगात बारीक शेवाळ असतं, उजेड कमी पडला की ते जातं आणि पोवळं पांढरं पडून मरतं, हे सरांनी शिकवलं तेव्हाही ते दारातच होते.

बंदीनंतर अण्णांनी पाण्याला बोटही न लावता टाकीचं झाकण उचललं आणि उलटं फिरवून, डावं टोक उजवीकडे करून ठेवलं. झाकणातली ट्यूब एकाच टोकाला पेटायची, आणि ते टोक आजवर हिरव्या बाजूवर होतं.

"हे कामून, अण्णा?" मी विचारलं.

"पोवळं उजेडाबिगर मरतंय, मग ही झाडं कशानं मरायल्यात? बघू की, तम्मा. आता माझा हात पाण्यात न्हाई, व्हय का न्हाई? पाणी नासलं म्हून मासे तर काई बोलले न्हाईत."

पंधरा दिवसांत कुजलेल्या बाजूला कोंब फुटले आणि हिरवी बाजू पिवळी पडली. सरांनी ट्यूब बदलली, पण बंदी ठेवली आणि पाणी बदलायचं काम मला सांगितलं. मी नाही म्हणालो. आता सर ते काम तुम्हा नव्या मुलामुलींना सांगतील. अण्णांचं काम अण्णांना परत मिळेपर्यंत तुम्हीही त्या पाण्यात हात घालू नका.