आमच्या कॅसेटवर गाणं तिथंच संपायचं

रविवारी दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढतो. पांडेसऱ्यात माझं एम्ब्रॉयडरीच्या दोऱ्याचं दुकान आहे. तिन्ही भिंतींना छतापर्यंत दोऱ्याचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, रचलेले असल्यामुळे आत आवाज घुमत नाही. गाणी ऐकायला याहून चांगली जागा सुरतेत नसेल, असं मी गिऱ्हाइकांनाही सांगतो. गिऱ्हाइकांचं लक्ष भाव पाडण्याकडे असतं.

शटरखालून वाकून दोघं जण आत येतात. त्यांतला एक विमा एजंट आहे. तोंड बंद ठेवणं त्याला जमत नाही, म्हणून धंदा बरा चालतो. दुसरा अजूनही माग चालवतो. विशीत आम्ही तिघंही बमरोलीच्या एकाच खात्यात कारागीर होतो. मागाच्या शेडला इथे खातं म्हणतात. एजंट आणि मी तिथून सुटलो, तो राहिला. इथे मी त्याला मागवाला म्हणतोय. तोंडावर म्हटलं तर शिव्या खाव्या लागतील.

तिघंही खानदेशचे, घरात अहिराणी, आणि ऐकायचो इंग्रजी रॉक. वस्तीतले लोक आम्हाला शिष्ट समजायचे. पण कारण अगदी साधं होतं. दिवसभर मागांपुढे उभं राहिलं की कान बधिर व्हायचे. घरी येऊन सिनेमातलं गाणं लावलं, तर बासरी गायब, सारंगी गायब, आणि गाणारी बाई पलीकडच्या गल्लीत गातेय असं वाटायचं. स्टेशनजवळ कॅसेट भरून देणारा एक जण होता. एजंट एकदा वैतागून त्याला म्हणाला, जोरात वाजेल असं काहीतरी भरून दे. त्यानं ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार भरून दिली. ती मात्र सरळ आत घुसली. आवड वगैरे नंतरची गोष्ट; आधी आम्हाला ती ऐकू आली.

कॅसेटवर तो माणूस बॉलपेननं नुसतं ‘इंग्लिश’ लिहायचा. बँडचं नाव नाही, गाण्यांची नाहीत. आमचं इंग्रजी दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरतं. मग अल्बमना नावं आम्हीच ठेवली. ज्यातले ड्रम विहिरीत वाजल्यासारखे वाटायचे तो विहीरवाला. ज्यात पहिल्या गाण्याआधी कुणीतरी खोकतं तो खोकलेवाला. एका बाईचा नाचायच्या गाण्यांचा होता, त्याला आम्ही गोळा म्हणायचो. बर्फाच्या गोळ्यासारखा, वरून रंग आणि साखर, चोखला की पाणी.

या सगळ्यांत थोर विहीरवाला, याबद्दल आमच्यात कधी दुमत नव्हतं. त्याचं शेवटचं गाणं भर ओळीत, एखाद्यानं तोंडावर हात ठेवावा तसं खट करून तुटायचं. त्या तुटण्यावर एजंटानं आम्हाला किती वेळा व्याख्यान दिलं असेल! म्हणायचा, याला छाती लागते. दुसरा कुणी असता तर आवाज हळूहळू कमी करत गेला असता, यानं सरळ कापलं. आम्ही माना डोलवायचो. आयुष्यात खूप गोष्टी अशाच मधे तुटतात वगैरे मीही एकदा बोलून गेलो होतो.

पुढे लग्नं झाली, मुलं झाली, कॅसेटी माळ्यावर गेल्या. अलीकडे एजंटाच्या मुलीनं त्या खाली काढल्या आणि कुठूनतरी जुना टेप पैदा करून एकेक वाजवली. तिचा फोन दोन मिनिटं ऐकतो आणि अल्बमचं नाव, साल, वाजवणाऱ्यांची नावं सगळं सांगून मोकळा होतो. तेव्हापासून आमचे रविवार सुरू झाले. एका रविवारी एकच अल्बम, फोनवरून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग चहा, आणि मग नव्यानं निकाल.

या निकालांत आमची फार फजिती झाली. खोकलेवाल्यातलं एक गाणं आम्ही हरताळाचं समजत होतो. त्या गाण्याच्या जोरावर मी एकदा सेठपुढे जाऊन पगारवाढ मागितली होती. आता एजंटाच्या मुलीनं फोनवर शब्द वाचून अर्थ सांगितला, तर तो माणूस नव्या मोटारीबद्दल तक्रार करत होता. संगीतही आता कानाला जड गेलं. नुसता आरडाओरडा वाटला. उलट गोळा ऐकला आणि आम्ही चाट पडलो. त्या नाचाच्या ठेक्याखाली एक जाड, संथ गिटार सतत चालत होती, आणि तिच्यावर ती बाई हसत हसत काहीतरी फार वाईट सांगत होती. एजंटानं चष्मा काढून पुसला. “आपण हसायचो हिला,” तो म्हणाला. “ही बाई एकटी आहे रे.” मलाही ते पटलं, आणि मला सहसा त्याचं काही पटत नाही.

मागवाल्याला मात्र काहीच पटायचं नाही. विहीरवाला थोर, खोकलेवाला त्याखालोखाल, गोळा तो गोळाच. आमची मतं इकडची तिकडे होत होती, याची जागच्या जागी.

“तुझं मत काय पार्लमेंटात पास झालंय का?” मी चिडवायचो.

“माले जे वाटस ते वाटस,” तो म्हणायचा, आणि चहा ओढायचा.

तो नेहमी शटरजवळ, उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसायचा. उजेड त्याच्या पाठीमागून यायचा आणि आमच्या तोंडांवर पडायचा. वाऱ्यासाठी बसतो, असं मी धरून चाललो होतो.

आता खात्यातल्या बोलण्याबद्दल थोडं सांगायला हवं. शेकडो माग एकदम चालत असताना माणसाचा आवाज कुणाला ऐकू जात नाही. तिथे बोलणं ओठांवरून वाचायचं असतं, उरलेलं हातानं. डोक्यावर तळवा म्हणजे सेठ आला. चिमूट सोडली म्हणजे धागा तुटला. आडवा तळवा हवेत धरला म्हणजे माग चालू आहे, हात घालू नकोस. खातं सोडून इतकी वर्षं झाली तरी मी आणि एजंट एकमेकांच्या तोंडाकडे बघूनच बोलतो. आमच्या बायका त्यावरून हसतात. त्यामुळे तिसरा कुणी आमच्या तोंडाकडे टक लावून बघत असला, तर त्यात आम्हाला वेगळं काय वाटणार?

विहीरवाला आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता. तो लावला त्या रविवारी एजंटानं नवा स्पीकर आणला होता. अल्बम अजूनही थोर होता. काही ठिकाणी लांबलाय, असं मला वाटलं, पण ते नंतर बोलायचं ठरवून गप्प बसलो. एजंट मांडीवर ड्रम वाजवत होता. मी काउंटरवर बोटं आपटत होतो. शेवटचं गाणं आलं, ती ओळ आली, जिथे ते तुटतं ती जागा आली.

आणि गाणं तुटलं नाही.

ओळ पूर्ण झाली. तिच्यामागून दुसरी आली. मग गिटार एकटी निघाली आणि हळूहळू लांब जात राहिली. आम्हा दोघांचे हात जागीच थांबले. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: स्टेशनजवळच्या त्या माणसाची टेप पुरली नव्हती. इतकी वर्षं आम्ही ज्या हिमतीला सलाम करत होतो, ती हिंमत संपलेल्या कॅसेटची होती. एजंटाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी हसणार, इतक्यात शटराकडून आवाज आला.

“सरनं,” मागवाला म्हणाला. संपलं. “पाह्यं? कसं तोडं पाह्य त्यानी! छाती लागस.”

गिटार वाजत होती. चांगली मोठ्यानं वाजत होती. आमचे हात थांबलेले बघून त्यानं गाणं संपलं असं धरलं होतं.

एजंटाला ते लगेच कळलं नाही. “अरे, चालू आहे अजून!” तो हसून म्हणाला. मागवाल्यानं त्याच्या ओठांकडे पाहिलं, मग स्पीकरकडे, मग माझ्याकडे. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे, पण त्यानं ते वाचलं. त्याचे कान लाल झाले. गॅसचा बाटला आणायचा राहिलाय, असं काहीतरी म्हणत तो उठला, शटरखालून वाकला आणि गेला. चहा तसाच राहिला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. फोन केला तर त्याच्या बायकोनं उचलला. खात्यात पाळी आहे त्यांची, म्हणाली. रविवारी त्यांचं खातं बंद असतं हे मला माहीत होतं. आम्ही दोघांनी एक अल्बम लावला आणि अर्ध्यात बंद केला. एजंट म्हणाला, गाण्यांचे शब्द मोठ्या अक्षरांत छापून आणू, किंवा याहून मोठा स्पीकर घेऊ. मी त्याला झापलं. तो नुसता मदत करू बघत होता, पण मला भीती वाटत होती आणि भीती वाटली की मी कुणावर तरी ओरडतो. हा माणूस आता येणारच नाही, अशी ती भीती होती. आमच्या वयात माणूस रविवारी यायचा थांबला की सणावारी भेटतो, मग लग्नात भेटतो, आणि मग तेवढंच उरतं.

मी बमरोलीला त्याच्या घरी गेलो. ओट्यावर बसून तो शेंगा सोलत होता. मी मुद्दाम समोर, उजेडात बसलो. ते त्याच्या लक्षात आलं आणि तो थोडा हसला.

“कवयपासून?” मी विचारलं. कधीपासून ऐकू येत नाही.

“समजनं नई. हयूहयू गयं.”

हळूहळू गेलं आणि त्याला कळलंच नाही. खात्यात कळायचं कारणच नव्हतं. तिथे सगळेच बहिरे. मुलानं कानात घालायचं मशीन आणून दिलं होतं, ते कपाटात पडून होतं. “त्यामा मानूस येस,” तो म्हणाला, “गानं येत नई.” माणसांचं बोलणं बरं ऐकू येतं, पण गाणं लावलं की पत्रा ओढत नेल्यासारखं होतं. एकदा त्यानं मशीन घालून विहीरवाला ऐकायचा प्रयत्न केला होता. परत तसं करायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं, कारण पत्रा एकदा डोक्यात बसला की जुनं गाणं तिथून निघून जाईल.

मला राग आला. “मंग दर रविवारी कसाले येत व्हता?”

त्यानं शेंगांची टरफलं ओट्याखाली झाडली. म्हणाला, सांगितलं असतं तर तुम्ही आवाज वाढवला असता. तरी जमलं नसतं, मग लाजून तुम्ही गाणी लावायचीच बंद केली असती, आणि नुसत्या गप्पा मारत बसलो असतो. “आनि तुमना तोंडवर दिसस ना गानं,” तो म्हणाला. गिटार आली की एजंट डोळे मिटतो. ड्रम आले की तुझी मान हलते. तेवढं दिसलं की माझं आत चालू होतं.

या माणसाला मी हट्टी म्हणत होतो. नव्यानं मत करायला नव्यानं ऐकावं लागतं, आणि तो जुन्यावरच भागवत होता. मला त्याच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की मी आणखीच तुसडेपणानं बोललो. म्हणालो, येत्या रविवारी अल्बम तू निवडायचा, आणि नाही आलास तर मी एजंटाला तुझ्या घरी पाठवीन, तो विमा काढल्याशिवाय उठणार नाही.

तो आला. खोक्यावर बसला. एजंट आठवडाभर स्वतःला आवरून होता. त्यानं नुसतं “बठ” म्हटलं आणि फोन काढला. “कुठला लावू?”

“गोळा,” मागवाला म्हणाला.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एजंट फोनवर शोधू लागला तेव्हा मागवाल्यानं हात पुढे करून फोनवर तळवा ठेवला.

“ते नको. ते येगळं ऱ्हास. आपलं लाव.” स्वतःच्या कपाळावर बोट टेकवून तो म्हणाला, “तुम्ही म्हनतस ना, ती बाई एकटी शे. माले परत आयकू द्या.”

एजंटानं फोन गल्ल्यात टाकला. मी शटर आणखी थोडं वर सारलं, उजेड यावा म्हणून. मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, मी मान हलवली आणि आम्ही एकदम, आपापल्या डोक्यात, सुरू केलं. आपल्याच दुकानात, दिवसाढवळ्या, तीन पन्नाशीचे बाप्ये काहीच न लावता बसले होते. बाहेरून टेम्पो गेले. सुरुवातीला मला हसू येत होतं. मग ती जाड गिटार आली, माझ्या डोक्यात होती तशी, आणि मी विसरून गेलो.

एकच गाणं, शेवटचं, आम्ही ठरवलं होतं. एजंटाचं आधी संपलं. तो बोलण्यातही घाई करतो. त्यानं डोळे उघडले आणि तोंड उघडलं. माझं त्यानंतर संपलं. मागवाल्याचं मात्र चालू होतं. त्याची नजर दोऱ्याच्या कोनांवर कुठेतरी होती आणि दोन बोटं गुडघ्यावर संथपणे पडत होती. आम्ही दोघं ज्या गाण्यातून बाहेर पडलो होतो, त्यात तो अजून आत होता.

एजंट बोलणार, तेवढ्यात मी आडवा तळवा हवेत धरला. त्याला कळलं. त्यानं तोंड मिटलं आणि आम्ही थांबलो.

गुडघ्यावरची बोटं सावकाश थांबली.

“सरनं,” तो म्हणाला. मग एजंटाकडे वळला.

“हाव. एकटीच शे ती.”