खटका

काकूंना तीन टेबलं पलीकडचा चुकीचा आवाज ऐकू यायचा. आमच्या कारखान्यात गाड्यांसाठी वायरींच्या जुड्या बांधत. एक कनेक्टर दुसऱ्यात दाबला की बारीकसा 'खट्' होतो. तो झाला म्हणजे जोड बसला. भोवती पंखे, रेडिओ, चाळीस बायकांच्या गप्पा, आणि त्यातून मानसुद्धा वर न करता काकू म्हणायच्या, "ग्लोरिया, नो खटका!" ग्लोरिया तपासायची, तर जोड खरोखरच अर्धवट असायचा. हा शब्द त्यांनी जोडणीच्या सगळ्या लाइनला शिकवला होता. कारखाना होता त्या नॉर्थ कॅरोलिनातल्या लहानशा गावात जन्मलेल्या बायका बिनदिक्कत 'काट्का' म्हणत. मी काकूंना मनातल्या मनात खटकाकाकू म्हणायचो.

न बसलेला जोड नवीन आलेली बाई लगेच लाल डब्यात टाकायची. काकू तो उचलून परत तिच्या हातात देत. "टाकायची घाई करू नये गं. पुन्हा दाबून बघावं. बसतो कधीकधी." हे त्या मराठीतच बोलत, आणि समोरचीला ते कळे.

मी तिथला इंजिनिअर. मी राहायचो त्या कॅरी शहराहून तासाभराचा रस्ता. काकूही कॅरीतच राहत. काका गेल्यावर एकट्याच. हायवेवर गाडी चालवायची त्यांना भीती वाटे, म्हणून अकरा वर्षं त्या माझ्या शेजारच्या सीटवर बसून कामाला आल्या. सीटबेल्टचा आवाज झाल्याशिवाय बोलायला सुरुवात करायच्या नाहीत. मग फॉइलमधलं थालीपीठ माझ्या पुढ्यात. "खा, इंजिनिअर. रिकाम्या पोटी ड्रॉइंग चुकतं."

इथली लाइन बंद होऊन चाकणला जाणार हे मला त्यांच्या तीन महिने आधी कळलं. मशीनच्या याद्या मीच करत होतो. तीन महिने मी थालीपीठ खाल्लं आणि हवापाण्याविषयी बोललो. शेवटी कंपनीने सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं. काकूंचं माहेर चाकणच्या पलीकडचं, खेडचं. त्या संध्याकाळी गाडीत बसल्यावर त्या एकदम हसल्या. "अरे, मी तिकडनं इकडे आले आणि काम इकडनं तिकडे निघालं! वाटेत चुकामूक झाली बघ आमची."

ज्यांचं काम परदेशात गेलं त्यांच्यासाठी सरकारची एक योजना होती. शिकायची फी आणि शिकेपर्यंत थोडा भत्ता. त्यासाठी अर्जावर एकाच कारखान्यातल्या तिघांच्या सह्या लागत. ग्लोरिया लायब्ररीतून अर्ज घेऊन आली. काकूंनी तर कोर्सही शोधून ठेवला होता, ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करून ट्रेमध्ये मांडायचा. "तिथेही जागच्या जागी बसवायचंच असतं की रे. आणि छप्पन्न म्हणजे काही वय नाही." वहीला कव्हर घालून झालं होतं.

दोन सह्या झाल्या, काकूंची आणि ग्लोरियाची. बाकीच्या बायका पांगल्या होत्या. ज्या होत्या त्या घाबरत होत्या, सही केली तर कंपनी जाताना देणार असलेले पैसे अडकवेल म्हणून. काकूंनी कागद माझ्याकडे दिला. माझंही नाव कामावरून कमी करायच्या शेवटच्या यादीत होतंच, फक्त लाइन चाकणला सुरू करून दिल्यावर. तोवर कंपनी माझं ग्रीन कार्ड पुढे नेणार होती.

"वाचून देतो काकू," मी म्हटलं.

काकूंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "वाच हो. सावकाश वाच."

एका पानाचा अर्ज. तो सात आठवडे गाडीच्या खणात, त्यांच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर पडून होता. मधले चार आठवडे मी चाकणला होतो. तिथे नव्या मुलींना जोड बसवायला शिकवलं. "लगेच टाकू नका, पुन्हा दाबून बघा," असंही सांगितलं. कुणाचं वाक्य ते सांगितलं नाही.

परत आल्यावर सही केली. अर्ज पोचला तेव्हा योजनेची मुदत संपून नऊ दिवस झाले होते आणि ती कुणी वाढवली नव्हती. पत्र आलं: अर्ज मिळाला आहे, पण सध्या त्यावर चौकशी करण्याचा आम्हाला अधिकार नाही. मी फोन केला, खासदाराच्या ऑफिसलाही केला. सगळे गोड बोलले. मंजूर नाही, नामंजूर नाही. अर्ज अजूनही तिथेच आहे.

"सरकारचं कामच असं. उशीरच करतात मेले," काकू म्हणाल्या. मी मान हलवली.

मग त्या एका गोदामात खोकी भरायला लागल्या. दीड वर्षात गुडघा गेला. वही तशीच कोरी. लेक दूर, प्लेनोला असते. तिने खोली तयार ठेवली. "लेकीकडे जाणं वेगळं रे, आणि जावं लागणं वेगळं," एवढंच म्हणाल्या.

विमानतळावर सोडायला मीच गेलो. त्या बसल्या, बेल्टचा आवाज झाला, आणि त्यांनी काही बोलायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. खण, सात आठवडे, ग्रीन कार्ड. रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"माहितेय," काकू म्हणाल्या. "'वाचून देतो' म्हणालास ना, तेव्हाच कळलं. खटका नव्हता त्यात."

मी विचारलं, "मग कागद परत का नाही मागितलात? दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं. एखादी तयार झाली असती."

त्यांनी पर्स मांडीवर सरळ केली. बाहेर त्यांचं टर्मिनल आलं होतं.

"वाटलं, पुन्हा दाबून बघावं."