ईश्वरीने परत केलेल्या किल्ल्या

टोकियोतल्या निशी-कसाईत भाड्याचं घर हवं असलं की मराठी मंडळी आधी ईश्वरी टिपणीसला फोन करतात. अठरा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमागोमाग ती इथे आली. श्रीहरी ऑफिसला गेला की घर खायला उठायचं. ती जपानी अक्षरं गिरवत बसली आणि तिसऱ्या खेपेला घरव्यवहाराच्या परवान्याची परीक्षा पास झाली. आता स्टेशनमागे तिची स्वतःची एजन्सी आहे. बोलणं रोखठोक, चाल भरभर.

गेल्या वसंतात तिच्याकडे सौमित्र आला, तोयोसुतल्या कंपनीतला इंजिनिअर. सोबत हायातो, शाळेत संगीत शिकवणारा.

"आम्ही जोडीदार आहोत. टोकियो सरकारचा तसा दाखलाही आहे," सौमित्रने बसायच्या आधीच सांगून टाकलं. "नंतर कळून कोणी तोंड फिरवायला नको."

तिने दाखवलेला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दोघांनाही आवडला. फ्लॅट शिरीष गुप्त्यांचा. तीस वर्षं जपानात, चार फ्लॅटचे मालक. ईश्वरीला कोणी ओळखत नव्हतं तेव्हा आपली घरं तिच्या हवाली करणारे पहिले तेच. अर्ज पाहून ते स्वतः एजन्सीत आले.

"दोन पुरुष, नवरा-बायकोसारखे? नको गं. घर आधीच गेलं म्हणून सांग."

"पण गेलेलं नाही, काका."

"घर माझं आहे. कोणाला द्यायचं ते मी ठरवणार की सरकार?"

"धंदा करणाऱ्याने या कारणावरून कोणाला डावलू नये, असा टोकियोचा नियम आहे. मोडला तर दंड नाही, हेही खरं. तुम्हीच सांगायचात ना, परदेशी म्हणून अकरा मालकांनी तुम्हाला दारातून परत पाठवलं होतं?"

"ते वेगळं."

"कसं?"

काका चष्मा पुसत राहिले. "बिल्डिंगमध्ये आपली कुटुंबं राहतात. ती सोडून गेली तर रिकामी घरं तू भरणार आहेस का?"

भीती खोटी नव्हती, हे तिला कळत होतं. तरी तिने कपाटातून चारही किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या.

"निवड तुमची. तशी माझीही आहे. मी त्यांना खरं कारण सांगणार. आणि यापुढे तुमची घरं दुसऱ्या कोणीतरी बघावीत."

"एवढ्याशा गोष्टीसाठी?"

"एवढीशी असती तर तुम्ही हो म्हणाला असतात, काका."

किल्ल्या उचलून ते गेले.

तिने सौमित्रला फोनवर सगळं सांगितलं. तक्रार करायची असेल तर साक्ष देईन, असंही म्हणाली. तो म्हणाला, "खरं सांगितलंत, बरं झालं. दर वेळी 'घर गेलं' ऐकून आपलंच काही चुकतंय असं वाटायचं. पण मला घर हवंय हो, भांडण नको."

मग ईश्वरीने एकेका मालकाला फोन लावून पहिल्याच वाक्यात सगळं सांगायला सुरुवात केली. सहा जणांनी गोड शब्दांत नकार दिला. सातव्या मोरिता आजी. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: कचरा नीट वेगळा करतील ना, आणि संध्याकाळी सातनंतर पियानो बंद ठेवतील ना? पुढच्याच आठवड्यात करार झाला.

दिवाळीच्या कार्यक्रमात शिरीषकाका भेटले. श्रीहरीची चौकशी केली, चकली छान झालीय म्हणाले. घरांचा विषय त्यांनी काढला नाही, तिनेही नाही.

आता कुठलंही घर हाती घेण्याआधी ईश्वरी मालकाकडून लिहून घेते, की भाडेकरू कोणत्या देशाचा आहे आणि कोणाबरोबर संसार करतो यावरून नाही म्हणणार नाही. दोन मालकांनी तिला सोडलं, बाकीचे टिकले. परवा एक नवे गृहस्थ तो कागद बराच वेळ वाचत बसले होते. ईश्वरीने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि शांतपणे वाट बघितली.