गुरुवारचं अपग्रेड

आमच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी सुट्टी का असते, हे शेंबडं पोरही सांगेल. त्या दिवशी दुरुस्तीसाठी लाइट जाते, म्हणून. आमच्या सरांना मात्र गुरुवार म्हणजे फक्त उशिरा उठायचा वार. त्यांनी मिटिंगमध्ये जाहीर केलं की मोजमापाच्या मशीनच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकायची ती गुरुवारीच, म्हणजे उत्पादन थांबायला नको.

चाकणच्या त्या कंपनीत मी क्वालिटीला होते. गाड्यांचे सुटे भाग मशीनवर ठेवायचे आणि मापात आहेत का ते तपासायचं, हे माझं काम. कुठला भाग कुठे आणि कसा मोजायचा, याचा प्रत्येक प्रोग्राम मी स्वतः लिहिलेला. त्यासाठी शिफ्ट संपल्यावरही थांबायचे, मग बस बदलत थेरगावला घरी. नोकरीला लागल्यापासूनची माझी सगळी मेहनत त्या एका कॉम्प्युटरमध्ये होती. मी सरांना सांगितलं, आधी सगळ्याची कॉपी वेगळ्या डिस्कवर घेऊ, ती उघडते का बघू, मगच हात लावा. आणि गुरुवारी लाइट नसते. ते म्हणाले, जनरेटर कशाला आहे? कॉपी करण्यात उगाच वेळ जाईल. डिस्क त्यांच्या कपाटात, आणि पेनड्राइव्ह आणायला आम्हाला बंदी.

गुरुवारी जनरेटर चालवणाऱ्यालाही सुट्टी असते, हे कोणाला सुचणार? अपग्रेड अर्ध्यावर असताना लाइट गेली. यूपीएसने थोडा दम धरला, मग तोही बसला. शुक्रवारी सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. माल अडकला म्हणून सरांनी बाहेरचा माणूस बोलावला आणि कॉम्प्युटरमधली डिस्क पुसून नवी सिस्टीम टाकून घेतली. मला विचारलंसुद्धा नाही. मी पोचले तेव्हा स्क्रीन चकाचक होती आणि माझा एकही प्रोग्राम शिल्लक नव्हता. तळपायाची आग मस्तकात गेली.

वर सर मालकांना सांगत होते, मॅडमनी कॉपी घेऊन ठेवली नव्हती. चोराच्या उलट्या बोंबा. मी मालकांसमोरच सांगितलं की कॉपीसाठी डिस्क मागितली होती, यांनी दिली नाही. मालकांनी घड्याळ बघितलं.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "पुन्हा लिहून काढा. तुम्हाला तर पाठच असतील."

पाठ! इतक्या वर्षांचं काम कोणाला पाठ असतं? तरी बसले लिहायला, कारण पगार लागतो. एकेक भाग परत हाताने मोजला, दातओठ खात.

बरेचसे प्रोग्राम पुन्हा चालू झाले तेव्हा सरांनी पेढे वाटले, नवी सिस्टीम सुखरूप बसली म्हणून. माझ्यापुढे बॉक्स धरून त्यांनी हसत विचारलं, "अजून रागावलायत का, मॅडम?"

"हो," मी म्हणाले, आणि पुढचा भाग मशीनवर ठेवला.