डाव्या कानातला आवाज

दवाखान्याच्या तळमजल्यावर, धुणीघराला लागून, जाड दाराची एक खोली आहे. आतून भिंतींना करडा स्पंज, एका बाजूला काच, काचेअलीकडे यंत्र आणि यंत्रापुढे बटणमास्तर. कागदोपत्री त्यांचं नाव वेगळं होतं. पण एकतीस वर्षं दिवसभर “आवाज आला की बटण दाबा, कितीही बारीक असला तरी दाबा” एवढंच म्हणणाऱ्या माणसाला दवाखान्याने दुसरं काय म्हणावं?

मास्तरांचा हातखंडा म्हणजे सोंगं पकडणं. नुकसानभरपाईसाठी ठार बहिरे होऊन येणारे कमी नव्हते. मास्तर त्यांना कानाला यंत्र लावून बसवायचे, अर्धा तास इमानदारीने सगळं विचारायचे आणि शेवटी कागद आवरता आवरता पुटपुटायचे, “तुमच्या पँटची चेन उघडी आहे.” हात झटकन खाली गेला, की मास्तर कागदावर शेरा मारून मोकळे.

तरी या धंद्यातली गोम त्यांना पुरती ठाऊक होती. समोरच्याला खरंच ऐकू आलं की नाही, हे त्यालाच माहीत. आपल्यापर्यंत पोचतो तो फक्त बटणाचा दिवा. लहानपणी त्यांना असंच एक वेड लागलं होतं: आपण पाठ फिरवली की मागचं जग कुणीतरी गुंडाळून ठेवतं. रस्त्यात चालता चालता ते गर्रकन मागे वळून बघत. सहा वर्षांनी मोठ्या ताईने त्यांना एकदा तसं वळताना धरलं, कारण काढून घेतलं आणि दंडाला सणसणीत चिमटा काढला. “दुखलं ना? मग मी आहे.” मास्तरांना तेव्हाही वाटलं होतं की दुखणं तर आपलं, त्यावरून ताई कशी सिद्ध होते? पण दुसऱ्या चिमट्याच्या भीतीने ते गप्प बसले.

ताईने पुढे आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. देवाधर्माच्या गोष्टी निघाल्या की ती मास्तरांपेक्षा तिखट बोलायची. भावोजी गेले आणि वर्षभराने ती एका सकाळी फोनवर म्हणाली, “मला एक आवाज ऐकू येतोय.”

“कसला आवाज?”

“बारीक. काचेच्या पेल्याच्या काठावरून ओलं बोट फिरवल्यासारखा. डोळे मिटले की त्याच्याच मागे मागे जात राहते. इतकं शांत मला कधीच वाटलं नव्हतं रे.”

बघता बघता रविवारी सकाळी ताईच्या पुढच्या खोलीत माणसं जमायला लागली. एक निवृत्त बसचालक, दोन शिंपिणी बहिणी, औषधाच्या दुकानातली बाई, असे दहा-बारा जण. ताई काही शिकवत नसे. “मला ऐकू येतो तो ऐकत मी बसते, तुम्ही तुमचा ऐका,” एवढंच म्हणे. कुणाला काय ऐकू येत होतं कोण जाणे, पण माणसं यायची आणि जाताना हलकी होऊन जायची.

मास्तर घरी बायकोजवळ धुमसत. “उद्या मला वाटलं की माझ्या गुडघ्यात परमेश्वर बसलाय, तर लोकांनी गुडघ्यापुढे बसायचं का?”

“अहो, तुमच्या गुडघ्यापुढे कोण येतंय,” बायको म्हणाली. “तिला बरं वाटतंय ना? तुम्हाला का मिरच्या झोंबतायत?”

मिरच्या का झोंबतायत, हे मास्तरांनाही नीट सांगता येईना. ताई सोंग करत नव्हती. त्यांना सोंग पकडता येत होतं. खऱ्या माणसाचं काय करायचं, ते मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

मग एके दिवशी ताईकडे बसलेले असताना तिचा फोन वाजला. तिने तो डाव्या कानाला लावला, कपाळाला आठी घातली आणि उजव्या कानाकडे नेला. एवढंच. आवाजही डाव्याच कानात येतो, असं ती एकदा म्हणाली होती, ते मास्तरांना आठवलं. एकाच कानात आवाज, त्याच कानाला कमी ऐकू येणं: अशा माणसाला डोक्याचं स्कॅन केल्याशिवाय सोडायचं नाही, हे त्यांच्या विभागातलं नवखं पोरही सांगेल. कानामागच्या नसेवर गाठ असू शकते.

“ताई, एकदा येऊन कान तपासून जा.”

“म्हणजे माझा आवाज तुझ्या यंत्रावर तोलायचा?” ती हसली. “जा रे, बटण दाब तुझं.”

तीनदा विचारलं, तीनदा ती हसली. चौथ्यांदा मास्तरांनी थाप मारली. नवं यंत्र आलंय, वेगवेगळ्या वयाच्या कानांवर चालवून बघायचंय, साठीच्या पुढचं कुणी मिळत नाही. कुणाचं काम अडलं असेल तर ताई कधी नाही म्हणत नसे. ती आली.

काचेपलीकडे ताई खुर्चीत ताठ बसली, वर्गात पहिल्या बाकावर बसावं तशी. उजव्या कानाचे दिवे भराभर लागले. डाव्या कानाला मास्तर आवाज वाढवत नेत होते, वाढवत नेत होते, आणि दिवा लागत नव्हता. कागदावर उजव्या कानाची रेघ सरळ धावली, डाव्याची जिन्यावरून घसरावी तशी खाली गेली.

इथे थांबायला हवं होतं. पण मास्तरांना राहवेना. “ताई, तो तुझा आवाज कसा आहे, सांग बघू. मी वाजवतो, तू वर-खाली सांग.” आणि ते तिच्या चांगल्या, उजव्या कानात एकेक सूर सोडू लागले.

“याहून वर. अजून वर. फार झालं. थोडा खाली. यात जरा हवा मिसळ.”

मग तिचे डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि भरून आले. काचेअलीकडे मास्तरांच्याही कानावर यंत्र होतं, त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, “हाच. तुलाही ऐकू येतो?”

“अगं, मी—”

“ऐकू आल्याशिवाय तुला सापडला कसा? दोन वर्षं मी एकटी आहे रे या आवाजात. मला वाटायचं, वेड लागलं असेल आपल्याला. तुला येतो ना?”

गणिताच्या बाईची ही चूक होती. सूर तिनेच शोधून दिला होता, वर-खाली सांगत. मास्तरांनी फक्त खुंटी फिरवली होती. पण खोलीत बसलेल्या माणसाला ते दिसत नाही. तिला एवढंच दिसलं, की जे फक्त आपल्या आत होतं ते बाहेर, दुसऱ्या कुणाजवळ निघालं.

मास्तरांच्या मनात एकाच क्षणी दोन हिशेब झाले. नाही म्हटलं तर ती उठून जाईल आणि स्कॅनचं नावही काढू देणार नाही. हो म्हटलं तर आपलं सगळं ऐकेल.

“हो,” मास्तर म्हणाले. “येतो.”

ताई आठ दिवसांत स्कॅनला गेली. ती आत, यंत्राच्या धडधडाटात, आणि मास्तर बाहेर बाकावर. उठत होते, बसत होते, पाण्याच्या नळाशी जाऊन तहान नसताना पाणी पीत होते. गाठ नसू दे, असं ते मनात म्हणत होते. आणि म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात आलं, की त्याच्या खाली आणखी काहीतरी चाललंय. गाठ नसली तर तो आवाज कुठून येतो? मग आपण खोटे, आणि ती खरी. गाठ असू दे, असं म्हणणारं कुणीतरी आत बसलं होतं आणि ते दुसरं कुणी नव्हतं. बायकापोरांत वावरणारा, सरळ जगलेला माणूस, आणि सख्ख्या बहिणीच्या डोक्यात गाठ मागतो? हे कुणाला कळणार नव्हतं, आणि कळणार नव्हतं म्हणूनच ते आतल्या आत पिसाळलं होतं.

गाठ निघाली. वाटाण्याएवढी, वाईट जातीची नव्हे. डॉक्टर म्हणाले, लगेच कापायची गरज नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. आवाज यामुळेच येत असणार. काढली तरी तो जाईलच असं नाही.

ताईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाली, “माझं कळलं. पण मग तुझ्या डोक्यात कुठे गाठ आहे? तुलाही येतो ना?”

मास्तरांनी खाली बघितलं. फरशीवर औषधाचा एक थेंब वाळून तांबडा झाला होता.

“मला येत नाही, ताई. त्या दिवशीही आला नव्हता. तू स्कॅनला यावंस म्हणून हो म्हटलं.”

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

“गाठ माझी आहे, तिचं मी बघेन,” ती म्हणाली. “पण तू हो म्हणालास, त्यानंतरच्या रविवारी मी सगळ्यांना सांगितलं. माझ्या भावालाही ऐकू येतो, तो यंत्रवाला आहे, तो खोटं बोलायचा नाही. धाकटी शिंपीण घरी जाऊन रडली, अरे. तिला वाटलं, आता आपल्यालाही येईल.”

“तूच सांग ना त्यांना.”

“मी का सांगू? शब्द तुझा होता.”

“तुझ्या जिवासाठी बोललो ना पण.”

“ते मला कळतं. म्हणून तर तुझ्याशी बोलतेय.”

रविवारी मास्तर ताईच्या पुढच्या खोलीत उभे राहिले. चपला दाराशी ओळीने काढलेल्या, बारा जण सतरंजीवर. मास्तरांनी आयुष्यभर लोकांना बटण दाबायला लावलं होतं. बोलायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. गाठीचं सांगितलं. मग पुटपुटत म्हणाले, “आणि मला काही ऐकू आलं नव्हतं. मी खोटं बोललो.”

मग बसचालक काकांनी विचारलं, “आणि बाईंना येतो, तो?”

“त्यांना येतो.”

“खरा?”

मास्तरांनी ताईकडे बघितलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. गाठीतून आलेला आवाज खोटा कसा म्हणायचा? आणि त्याने तिला जी शांती दिली, ती कोणत्या कागदावर काढायची?

“मला मोजता येत नाही,” ते म्हणाले. “मला एवढंच माहीत आहे, की त्या सोंग करत नाहीत. मी केलं.”

मागच्या भिंतीशी बसलेली धाकटी शिंपीण मान पुढे काढून म्हणाली, “इथवर ऐकू आलं नाही हो. काय केलं म्हणालात?”

ताईने काही मदत केली नाही. ती डोळे उघडे ठेवून बसली होती. मास्तरांनी घसा साफ केला आणि तेच सगळं, पहिल्यापासून, मोठ्याने सांगायला सुरुवात केली.