भिंतीवरून काढलेला कागद

आमच्या गावच्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी सोडायचं, याचे नंबर लावणारं सॉफ्टवेअर मी लिहिलं. ओपन सोर्स, कोणीही घ्या, बदला. पुण्या-बंगळूरची चार पोरं मदतीला आली आणि मला शिंगंच फुटली.

मग वाद निघाला, हे चालवायचं कसं याची माहिती ठेवायची कुठं? कोडसोबत, की वेगळ्या वेबसाइटवर? मी वेबसाइटचा हट्ट धरला. माहिती एकाच जागी हवी, दोन जागी ठेवली की एक शिळी होते, असं तोऱ्यात लिहिलं. सगळ्यांनी मान डोलावली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, खोलीत गेलो आणि भिंतीवर चिकटवलेला, हीच माहिती माझ्याच हातानं लिहिलेला कागद फाडून काढला.

पाणी सोडणारे काका दारातच होते. "काहून फाडून राहिला रे बाबू? पाळीवर मोबाइल लागत नाही न."

"काका, आता सगळं वेबसाइटवर आहे. कागद कोण वाचते?" वर हसलोही.

धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या, सुमारास पाट फुटला. दुरुस्तीला तीन दिवस गेले. तेवढे दिवस सॉफ्टवेअरमधले नंबर थांबवून ठेवायचे असतात. ते कसे, हे त्या कागदावर होतं. काकांनी पाळीवर उभं राहून वेबसाइट उघडली, तर नुसतं चाक फिरत राहिलं. इकडे नंबर पुढे सरकत गेले. मोबाइल दाखवेल तोच नंबर, भांडण नको, असा तलावाचं पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाचा ठरावच होता. टोकाच्या बांधीवाल्या एकट्या बाईचा नंबर त्याच तीन दिवसांत आला आणि कोरडाच गेला. तिच्या लोंब्या पोचट निघाल्या.

मळणीनंतर गटाच्या सभेत ती रडत होती. "माहं पाणी कोणं खाल्लं, सांगा न!"

काका उठले. "चुकी माही आहे बाई. मले नंबर थांबवता नाही आले."

आणि मी? मी खाली मान घालून मोबाइल चाळत बसलो. थू माझ्या जिंदगीवर!

दुसऱ्या दिवशी ऑइलपेंट घेऊन गेलो आणि खोलीच्या भिंतीवर सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलं. काकांनी एकेक ओळ सावकाश वाचली.

"अक्षर चांगलं आहे तुहं," ते म्हणाले. "काल मले वाटलं, तू बोलशीन."

मी ब्रश पुसत राहिलो.